एकोणीस एक

आमच्या गिरीज गावात लोक कुंपणाच्या भिंतीवर घराचं नाव लिहितात, नाहीतर बायबलमधली एखादी ओळ. फिलोमिना टीचरनी लिहिली होती एक संख्या. ओळीने एकोणीस एक, काळ्या ऑइलपेंटने, हातभर उंच. खाली लिहिलेलं, 'मूळ संख्या. भागून दाखवा.'

टीचर आमच्या शेजारच्या. अख्ख्या गावाला त्यांनी गणित शिकवलं, मलाही. एकदा वर्गात फळ्यावर अकरा एक लिहिले आणि म्हणाल्या, "ही कशाने जाते, सांगा." आम्ही तिनाने बघितलं, साताने बघितलं, तेराने बघितलं आणि कंटाळून 'मूळ आहे' म्हणून मोकळे झालो. टीचरनी खाली लिहिलं, २१६४९ गुणिले ५१३२३९. "तुम्ही दमलात म्हणून ती मूळ ठरत नाही," एवढंच म्हणाल्या. एकोणीस एकांची मात्र खरोखरच मूळ. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेही पूर्ण भाग जात नाही. टीचरचा तिच्यावर फार जीव.

चर्चच्या वार्षिक सणाआधी मिरवणुकीच्या वाटेवरच्या सगळ्या भिंतींना सणाची कमिटी चुना मारते. कमिटीचा अध्यक्ष पास्कू, टीचरचाच विद्यार्थी. तो समजवायला आला.

"टीचर, लोक विचारतात हा मंत्र आहे की फोन नंबर. बिशप यायचेत, बरं दिसत नाही."

"तुला गणित कधी बरं दिसलंय, पास्कू? भागून दाखव, मग मीच पुसते."

पास्कूने चुना मारला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी टीचर स्टूल आणि रंगाचा डबा घेऊन परत लिहायला हजर. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले. दर सणाला हेच. एकदा मी म्हटलं, "सोडा ना टीचर, कोण वाचतंय?" तशा स्टुलावरूनच डाफरल्या, "वाचत नाहीत म्हणून पुसू द्यायची?"

यंदा नाताळानंतर टीचर गेल्या. सण आला, चुना लागला, आणि परत लिहायला कोणी उरलं नाही. ती कोरी भिंत बघून माझं डोकंच फिरलं. टीचर नाहीत म्हणून हे जिंकले काय? त्यांच्याच पडवीतलं स्टूल आणि डबा उचलला आणि लिहायला लागले. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबले नाही.

लिहून खाली उतरले तर मागे पास्कू स्कूटर लावून उभा. मी भांडायच्या तयारीत. पण तो बोट हवेत धरून एकेक आकडा मोजत शेवटपर्यंत गेला.

"अठराच झालेत," तो म्हणाला. "आकड्यांची बेरीज अठरा. ही तर नवाने जाते. टीचरनी कान उपटले असते तुझे."

माझ्या हातातला ब्रश घेऊन तो स्वतःच वर चढला. शेवटचा एक जरा तिरका आला. सणासाठी शिवलेल्या पांढऱ्या शर्टावर काळा डाग पडला. खाली उतरून त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"उद्या बिशप येतायत," मी म्हटलं.

"येऊ देत," पास्कू म्हणाला. "त्यांनीही भागून बघावं."