एड सि., बल ना.

"देवानं दोन कान काय चष्मा अडकवायला दिलेत व्हय?"

गुरुशांत हे भजनी मंडळाच्या बैठकीत एकदा म्हणाला आणि ते वाक्य कायमचं त्याच्या नावाला चिकटलं. मठाच्या अंगणात कर्णा लावायचा होता. एक पुरे, असं सगळ्यांचं मत पडलं. हा एकटाच म्हणाला, दोन पाहिजेत, एक या टोकाला न् एक त्या टोकाला. गंमत अशी की त्याचा स्वतःचा उजवा कान तेव्हाच गेलेला होता. साउंडवाला म्हणून पस्तीस वर्षं लग्नं, जत्रा आणि निवडणुका कर्ण्याखाली उभं राहून काढल्यावर कर्ण्याच्या बाजूचा कान आधी संपला. डावा शिल्लक राहिला. एका कानाचा माणूस दोन कानांसाठी भांडतोय म्हणून बैठक पोट धरून हसली. हा हसला नाही. कर्णे दोन लागले.

बुद्धप्रियानं हे वाक्य माणूस पाहायच्या आधी ऐकलं होतं. बुधवार पेठेत वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर तिची खोली आहे. तिथे ती लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि सीड्या संगणकात उतरवून देते. मंडळाला पन्नास वर्षं होणार होती. मंडळाचे अध्यक्ष सोमशेखर यांनी सोळा सीड्या तिच्याकडे पोचवल्या आणि म्हणाले, "सगळं मोबाइलवर ऐकता आलं पाहिजे. सतरावी गुरुशांत स्वतः आणेल. दुसऱ्याच्या हातात देत न्हाय तो. जरा जपून बोला, दोन कानवाला माणूस हाय."

दोन कानवाला माणूस दुसऱ्या दिवशी जिना चढून आला. वय सासष्ट, अंगात बाहीचा बनियन, वर उघडा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. सीडी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती त्यानं टेबलावर ठेवली नाही, बुद्धप्रियाच्या हातात दिली, आणि ती दोन्ही हातांनी घेते की नाही ते पाहिलं. मग गेला.

सीडीवर काळ्या शाईनं दोन ओळी लिहिल्या होत्या. वर: एड सि. खाली: बल ना.

तिनं सीडी लावली आणि कानाला हेडफोन लावला. डाव्या कानात एक बाई गात होती. उजव्यात दुसरीच. डावीकडची गायची तेव्हा उजवीकडे फक्त खोलीची कुजबुज, आणि उजवीकडची गायची तेव्हा डावीकडे तसंच. कुठंतरी निम्मा आवाज मरतोय, असं तिला वाटलं. हा रोग तिच्या ओळखीचा होता. तिनं लीड, म्हणजे हेडफोनची वायर, काढून पुन्हा खोल खोचली. हेडफोन बदलला. सीडी पाण्यानं धुऊन, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल पुसली की ओरखडे पडतात. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, वेग कमी करून वाजवली. फरक शून्य. दुसरी सीडी लावली तर दोन्ही बाजू ठणठणीत. म्हणजे यंत्र बरं होतं, आजारी होती ती सीडीच.

मग तिचं लक्ष त्या दोन ओळींकडे गेलं. लिहिणारा साउंडवाला. एड म्हणजे ऍड करा. सि. म्हणजे सीडी. बल ना. म्हणजे बॅलन्स नाही. रोग आणि औषध दोन्ही माणसानं वरच लिहून ठेवलं होतं, आणि आपण तासभर लीड खुपसत बसलो. तिनं उतरवतानाच दोन्ही बाजू एकात मिसळल्या, सारख्या केल्या, आणि तो सारखा आवाज दोन्ही कानांना वाटून दिला. पडद्यावरच्या दोन हिरव्या रेघा आता जुळ्या बहिणींसारख्या हलू लागल्या. तिला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गुरुशांत ऐकायला आला. पिशवीतून त्यानं स्वतःचा हेडफोन काढला. जुना, जाड, कानाचा फोम उकललेला. तो त्यानं डोक्यावर चढवला.

"काका, उलटा घातलाय. उजवा डाव्या कानाला गेला."

"ठाऊक हाय."

तिनं गाणं सुरू केलं. त्यानं डोळे मिटले आणि लगेच उघडले. हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"या दोघींचं भांडण कुणी लावलं?"

"भांडण?"

"एकीच्या तोंडात दुसरीचं तोंड. काय केलंस तू हे?"

"तुम्हीच लिहिलंय की काका. एड करा म्हणून." तिनं सीडी त्याच्यापुढे धरली. "हे बघा. बॅलन्स नाही, हेही तुम्हीच लिहिलंय."

गुरुशांतनं सीडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा सीडीकडे. आणि इतका वेळ न हललेला त्याचा चेहरा एकदम फुटला. त्याचं हसू खोकल्यापर्यंत गेलं.

"एड म्हंजे डावं गं बाई. बल म्हंजे उजवं. कन्नडात. डाव्या बाजूला सिद्धेश्वरी, उजव्या बाजूला नागव्वा. ऍड म्हणं. बॅलन्स म्हणं."

"मग कन्नडात लिहायचं की सरळ."

"लिहायला मराठी शाळेत शिकलो, बोलायला आईकडं. हातात हीच अक्षरं, तोंडात तीच भाषा. त्याला मी काय करू?"

"आमच्या गल्लीत एड म्हटलं की येडं ऐकू येतं."

"तुमच्या गल्लीलाबी एकच कान हाय मग."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं मिसळलेला आवाज बाजूला ठेवला आणि सीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये सरकवली. या वेळी काहीच दुरुस्त केलं नाही. जशी होती तशी चालू केली आणि दोन स्पीकर टेबलाच्या दोन टोकांना ओढून ठेवले. गुरुशांतनं खुर्ची फिरवली आणि डावा कान उजव्या स्पीकरकडे करून, भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हा कुठे तिला कळलं की हेडफोन उलटा का होता. उजवीकडे नागव्वा होती. तिच्यापर्यंत पोचायला त्याच्याकडे तेवढा एकच कान होता.

नागव्वा त्याची थोरली बहीण, कुंभारी गावची. विड्या वळायची आणि वळता वळता गायची. त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे आईचं निम्मं काम तिनंच केलेलं. सिद्धेश्वरी म्हणजे सोमशेखरची आई, घरी मराठी बोलणारी, पेठेतल्या व्यापाऱ्याची बायको. दर सोमवारी मठात दोघी समोरासमोर बसायच्या. एकीला दुसरीची भाषा पुरती यायची नाही. पण नागव्वानं कन्नडात हाक घातली की सिद्धेश्वरी मराठीत उत्तर द्यायची, आणि हाक संपायच्या आतच उत्तर सुरू व्हायचं. पाणी एका घागरीतून दुसरीत ओतताना मधे जी धार असते, ती दोन्ही घागरींची असते. तसं ते गाणं होतं. मठात कुणालाच ते अवघड वाटत नसे. हाक उजवीकडून यायची, उत्तर डावीकडून जायचं, आणि ऐकणारा मधे बसलेला असायचा.

दोन हजार चार साली गुरुशांतनं ते उतरवून घेतलं. एकेकीपुढे एकेक माइक, एकेकीला एकेक बाजू. लोक म्हणाले, एकाच माइकपुढे दोघी बसव, कशाला ताप. यानं ऐकलं नाही. दहा सीड्या निघाल्या. एक सांगोल्याला डाळिंबाच्या बागेत पाखरं हाकायला लटकली, एकीवर कुणीतरी चहाचा कप ठेवला, बाकीच्या अशाच कुठं कुठं गेल्या. सात वर्षांनी नागव्वा गेली. तिच्या पाठोपाठ सिद्धेश्वरी. दोघींच्या आवाजाची आता ही एकच सीडी.

"उतरवू का अशीच?" बुद्धप्रियानं विचारलं.

"सोमशेखरला आधी ऐकव. मागनं नाक मुरडायला नको."

सोमशेखर बुधवारी दुपारी आले. जिना चढताना धाप लागलेली, रुमालानं मान पुसत. गुरुशांत आधीच येऊन भिंतीशी बसला होता. दोघं एकाच वर्गात शिकलेले. बुद्धप्रियानं आधी मिसळलेलं ऐकवलं, मग झालेली चूक सांगितली. सोमशेखर एड-बलवर मनापासून हसले. मग तिनं सीडी चालू केली.

अर्ध्या गाण्यातच त्यांनी हात वर केला.

"ताई, हे स्पीकरवर ठीक हाय. पण लोक मोबाइलवर ऐकणार. मोबाइलला एकच तोंड. तिथं परत खिचडीच होणार की."

"हो, ते होईल," ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "कानात घालून ऐकलं तर होणार नाही."

"आमचे म्हातारे कानात कापूस घालतील, हे न्हाय घालणार." ते गुरुशांतकडे न पाहता पुढे म्हणाले, "मला वाटतं डावी बाजू ठेवू. आईची. मराठी सगळ्यांना समजतं. आताच्या पोरांना कन्नड कुटं येतंय?"

"तू घरात बायकोशी भांडतोस कुठल्या भाषेत?" भिंतीकडून आवाज आला.

"भांडणाचं वेगळं, गुरुशांत. संग्रहाचं वेगळं."

"आन् नागव्वा?"

"नागव्वाक्काचं नाव घालू की. पहिलं. फोटोबी टाकू, मोठा."

"फोटो गातो काय?"

सोमशेखर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज खाली आला, समजूत घालणारा झाला. "हे बघ, तू हट्टाला पेटतोस. तुला स्वतःला एकाच कानानं ऐकू येतं. तुला तर सगळं एकीकडं केलेलंच बरं. दोन बाजूंचं कौतुक तुला कशापायी?"

बुद्धप्रियानं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"माझा एक कान गेला," गुरुशांत म्हणाला, "म्हणून गाण्याचाबी कापायचा व्हय?"

गुरुशांत उठला, टेबलापाशी आला आणि उजव्या स्पीकरची वायर मागून उपसून हातात धरली.

"लाव गं. सुरवातीपासनं. तुमाला पाहिजे तशी ऐका."

तिनं लावलं. आधी नुसतीच कुजबुज. गाण्याला जी सुरुवात होती, ती आता गुरुशांतच्या मुठीतल्या वायरीत अडकली होती. बा तंगी, नीरु तुंबु. ये गं धाकटे, पाणी भर. ते खोलीत आलंच नाही. मग डाव्या स्पीकरमधून सिद्धेश्वरीचा आवाज आला, थोडा घाईचा, पदर सावरत निघाल्यासारखा.

आले गं अक्का, आले.

पुन्हा कुजबुज. बराच वेळ. मग पुन्हा:

आले गं अक्का, आले.

तिसऱ्यांदा आला तेव्हा बुद्धप्रियाला तो ऐकवेना. एक बाई रिकाम्या वाटेवर उभी राहून कुणालातरी ओ देत होती आणि तिला कुणी बोलावलेलंच नव्हतं.

"कुणाकडं चाललीय तुझी आई?" गुरुशांतनं विचारलं. ओरडून नाही, साध्या चौकशीच्या आवाजात. "विचार की तिला. कुणी हाक मारली?"

सोमशेखरांनी चष्मा काढला. काच पुसली, पुन्हा घातला, पुन्हा काढला. इतक्या वर्षांनी आईचा आवाज ऐकणाऱ्या माणसाचं तोंड जसं व्हावं तसं ते झालं होतं, आणि क्षणभर बुद्धप्रियाला वाटलं की आता ते म्हणतील, जोड वायर.

"आई स्वच्छ येतीय," ते म्हणाले. "किती स्वच्छ. मधल्या रिकाम्या जागा कापून टाका ताई, म्हणजे सलग होईल. एवढंच ठेवायचं. मंडळाचं ठरलं म्हणून समजा."

"आणि उजवी बाजू?" तिनं विचारलं.

"ती नको." मग ते प्रथमच गुरुशांतकडे वळले. "आन् तुला पटत न्हाय तर ही सीडीच संग्रहात नको. सोळा हायत, सोळा पुरे. पण मग अक्काचं नाव न्हाय, फोटो न्हाय, काहीच न्हाय. पन्नास वर्षांत ती होती हेच कुणाला कळणार न्हाय. बघ बाबा. तूच ठरव."

डाव्या स्पीकरमधून सिद्धेश्वरी अजून ओ देत होती. गुरुशांतनं हातातल्या वायरीकडे पाहिलं. अंगठ्यानं तिचं टोक एकदा चोळलं. मग वाकून ती उजव्या स्पीकरच्या मागे होती तशी खोचली. खट असा आवाज झाला आणि नागव्वा खोलीत आली, मधूनच, अर्ध्या शब्दावर. तिच्या हाकेवर सिद्धेश्वरीची ओ चढली. दोघी एका ओळीभर तशाच राहिल्या. सोमशेखर खुर्चीत ताठ झाले.

गुरुशांतनं ड्राइव्हचं बटण दाबलं. गाणं तुटलं. ट्रे बाहेर आला. संगणकात आता फक्त ती मिसळलेली खिचडी होती. सीडी जशीच्या तशी अजून उतरवलेली नव्हती, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं.

"काका," बुद्धप्रिया म्हणाली, "मी मंडळाला सोडून... नुसती तुमच्यासाठी म्हणून उतरवून देते की. दोन्ही बाजू."

त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. ती त्याच्या उजव्या बाजूला होती. त्यानं सीडी कडेनं धरून उचलली, शर्टाच्या टोकानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली, टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळली.

"गुरुशांत," सोमशेखर म्हणाले. "अरे बस की. चहा सांगतो."

हेडफोन त्यानं गळ्यात अडकवला, पिशवी खांद्याला लावली. दाराशी वळताना त्याचा डावा कान खोलीकडे आला, तो चांगला कान, आणि तिथे तो क्षणभर थांबला. कुणीच काही बोललं नाही. मग तो जिना उतरून गेला.