त्रयस्थ कोण?

आदिलाबादच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो त्या पहिल्याच दिवशी शामरावांनी मला हादरवलं. रेकॉर्डखोलीचा हा प्रमुख चक्क व्हरांड्यात बाकडं टाकून एका शेतकऱ्याला त्याची फाइल मोठ्यांदा वाचून दाखवत होता! नकलेला साहेबांची सही लागते, ऐकायला कशाला लागते, असं त्यांचं म्हणणं. कागद इंग्रजी असो, तेलुगू असो की उर्दू, ते सरळ मराठीत सांगत.

मी त्यांना बाजूला घेतलं. "पण गोपनीय असलं तर?"

"गोपनीय म्हंजे कोनापासून, ते आदी सांग. ज्याच्यावर लिवलं त्याच्यापासूनच काऊन लपवून राह्यले?"

"आणि त्रयस्थ आला तर? त्याला दाखवायचं नाही, असा नियम आहे."

"ज्याचं काई गेलं नाई, तो त्रयस्थ. अशा मानसाले नोको दाखवू."

ही व्याख्या कुठल्या नियमातून काढली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढे नव्वदीच्या दशकात एका उन्हाळ्यात वांकिडीकडून गिरजाबाई आली. तिचा मुलगा वसतिगृहात तापाने गेला होता. आईला निरोप धाडला होता, तीच आली नाही, असं वॉर्डन सांगत सुटला होता. गाव तिला नावं ठेवत होतं, नवऱ्याने बोलणं टाकलं होतं. चौकशीचा अहवाल मात्र गोपनीय म्हणून आमच्याकडे पडून होता.

"निरोप धाडला व्हता का नाई, येवढंच सांगा, सायेब," ती म्हणाली.

शामरावांनी बाकडं ओढलं, तसा मी त्यांचा हात धरला. तो वॉर्डन त्यांचा सख्खा जावई होता! त्यांनी हात सोडवला आणि वाचायला लागले. निरोप धाडलाच नव्हता. पोरगं आईला बोलवा म्हणत राहिलं आणि वॉर्डन लग्नाला गेला होता. परतल्यावर त्याने 'पालकांस कळविले' असं खोटंच लिहून ठेवलं. शामरावांनी जावयाचं नावसुद्धा गाळलं नाही.

"म्हंजे त्यानं मले बोलावलं व्हतं," गिरजाबाई एवढंच म्हणाली. मग तिने पदर खोचला. "आता हेच आमच्या गावात येऊन सांगा."

आणि शामराव भर कामाच्या वेळी तिच्यासोबत बसमध्ये चढले!

जावयाची नोकरी गेली, शामराव निलंबित झाले. ते आपलं सामान न्यायला आले त्या दिवशी त्यांची लेक कचेरीच्या दारात उभी.

"बाबा, पाडव्याले घरी जेवाले आल्ते, तवा अहवालात काय हाये ते तुमाले माईत व्हतं?"

"व्हतं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तू रडली असती, माय. मंग माह्याच्यानं वाचनं झालं नसतं."

लेक आल्या पावली परत गेली आणि शामराव असेतो माहेरी आली नाही. त्यांच्याच व्याख्येने बघितलं, तर त्या बाकड्यावर त्रयस्थ असा कुणीच बसला नव्हता.