आबांची दमलेली जीप

"थांबा जराशी, ताई. दमी गयी ती. पानी पाजू द्या."

तोरणमाळचा घाट उतरून गाडी सपाटीला लागली, की आबांचं हे वाक्य ठरलेलं. 'ती' म्हणजे त्यांची जीप. मग सीटखालचा कॅन निघायचा, नाल्यावर भरला जायचा आणि चारही चाकांवर रिकामा व्हायचा. चर्र आवाज, भसाभसा वाफ, आणि स्वतःच आंघोळ करून आल्यासारखे खूश आबा. आत कोंबलेले आम्ही, मांडीवरच्या कोंबड्यांसकट, ताटकळत बसायचो.

मी नर्स. शहाद्याहून दर आठवड्याला वरच्या पाड्यांवर गरोदर बायकांच्या तपासणीला जायचे, आणि जायचे ती आबांच्या जीपनेच. एकदा वैतागून विचारलं, "आबा, रोज काय हा अभिषेक?"

"बैल घर येतस का त्यासना पाय धोतस ना, ताई? मंग हिनाच काय गुन्हा?"

बैलजोडी विकूनच त्यांनी ही जीप घेतली होती. गोठा गेला, पण गोठ्यातली माया काही गेली नाही. गाडीत बिघाड झाला, तर मेकॅनिकला बाजूला नेऊन कुजबुजत सांगायचे. गाडीला ऐकू जाऊ नये म्हणून! असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि प्रवास मात्र त्यांच्याच गाडीने करतो.

पुढे ती जीप थरथरू लागली. एरवी ठीक चालायची, पण उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग आबांच्या हातात नाचायचं आणि पायाखालचा पत्रा हादरायचा. आबांनी आधी रस्त्याला दोष दिला. मग टायर बदलले. मग नंदुरबारला जाऊन चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. जीप आपली थरथरतेच आहे. मी देवाचं नाव घेत बसायचे आणि आबा म्हणायचे, "काही नही व्हत, ताई."

एके दिवशी वरच्या पाड्यावरची एक पोरसवदा बाई माझ्यासोबत सोनोग्राफीला निघाली होती. पहिलटकरीण, सातवा महिना. घाटातल्या एका वळणावर आबांनी ब्रेक दाबला आणि अख्खी गाडी अशी हादरली, की तिने दोन्ही हातांनी पोट धरलं. गाडी थांबताच ती मागच्या दाराने खाली उतरली.

"मी चालते, बाई," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

मी तिच्यामागे उतरले. माझ्यामागे एक म्हातारी उतरली, मग तिचा मुलगा, मग सगळेच. तुम्ही ते दृश्य पाहायला हवं होतं. पुढे आम्ही सगळे घाट उतरतोय आणि मागून रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये आमच्या चालीने येतेय. आबांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. पायथ्याशी पोचल्यावर ती बाई दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसली, मीही तिच्यासोबत निघाले. आबा तिच्याकडे बघत राहिले. "मन्ही गाडीमाईन बाई उतरी पडनी, ताई," म्हणाले, आणि त्या दिवशी कॅनला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप शहाद्याच्या गॅरेजमध्ये. माझं घर जवळच, म्हणून मीही गेले. मेकॅनिकने एकच विचारलं, "ब्रेक दाबा तव्हयच थरथरस का?" आबा हो म्हणाले. त्याने पुढचं चाक काढलं. आतली डिस्क, म्हणजे ब्रेक जिला पकडतो ती लोखंडी थाळी, तिच्याजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक धरून ती फिरवली. थाळी एका जागी टोकाला घासायची, दुसऱ्या जागी लांब जायची.

"वाकडी व्हई गयी, आबा. तापेल डिस्कवर पानी टाकतस का तुम्ही?"

 मला आबांकडे बघवेना. डिस्क बदलल्या, पॅड बदलले, सगळं होईपर्यंत ते पायरीवर बसून होते. शेवटी म्हणाले, "बैल ऱ्हाता तर लाथ मारीसन सांगता. हाई बिचारी नुसती थरथरे."

त्यानंतर त्यांनी चाकांवर पाणी ओतलं नाही. ब्रेक तापू नयेत म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायला शिकले. रिकामी जीप वर नेऊन खाली आणली, पुन्हा नेली, पुन्हा आणली. प्रवासी परत येऊ लागले. पण आबांचं समाधान होईना. दर आठवड्याला त्या पहिलटकरणीबद्दल मला विचारायचे, "ती कव्हय येस?"

आबा आता नाहीत. छातीत कळ आली आणि गेले. मी अजूनही वर जाते, गाड्या पुष्कळ झाल्यात, चालवणारेही चांगले आहेत. तरी पुढच्या सीटवर बसताना आबांची आठवण येते आणि फार चुकल्यासारखं वाटतं. आठवतो तो त्या बाईच्या पुढच्या तपासणीचा दिवस.

आबा स्वतः तिच्या दारापर्यंत गेले होते. ती आधी त्यांच्याकडे बघेना, जीपकडेच बघत राहिली. मग बसली, पण मागच्या दाराशी, कडी हातात धरून. आबा सगळा घाट खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरले. वळणावर ब्रेक दाबताना तेवढे आरशात बघायचे.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. मी मागे वळून पाहिलं. तिच्या हातातली कडी कधीच सुटली होती आणि शेजारच्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं टाकून ती गाढ झोपली होती.

"आबा, उठवते तिला. नंबर जाईल."

आबांनी ओठांवर बोट ठेवलं. इंजिन बंद केलं तर जाग येईल, म्हणून ते तसंच चालू ठेवलं होतं.

"हळू बोला, ताई," ते पुटपुटले. डोळे भरून आले होते. "मन्ही गाडीमा निजनी शे ती."

आणि ब्रेकवरचा पाय न हलवता तसेच बसून राहिले.