ड्रिपच्या खुर्चीतल्या सकाळी

माझ्या ताईच्या यजमानांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नाही. ते मोटार शिकवायचे. छपरावर पाटी लावलेली जुनी लहान गाडी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक. मीही त्याच गाडीत शिकले. पहिल्याच दिवशी समोरून पाण्याचा टँकर आला आणि मी सरळ डोळे मिटले. गाडी थांबली. मला वाटलं, मीच थांबवली. भावजी म्हणाले, "छान. पुढच्या वेळी फक्त डोळे उघडे ठेवून थांबवा, मेहुणीबाई."

धोका आहे हे ते कधी तोंडाने सांगत नसत. गुपचूप ब्रेकवर पाय ठेवायचे. शिकणारा एकदा घाबरला की जन्मात शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातही तेच. छत गळायला लागलंय हे ताईला कळलं ते गवंडी दारात उभा राहिल्यावर. "यांच्या पोटातली गोष्ट काढायची म्हणजे विहिरीत पडलेला हंडा काढायचा," असं ताई म्हणायची.

तर अशा माणसाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली, म्हणून ऑपरेशन नाही. केमो आणि रेडिएशन. साखर आधीपासून होतीच, ती आता जास्तच वरखाली व्हायला लागली.

रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे एक अभ्यास चालू होता. रेडिएशनच्या आधी रोज शिरेतून व्हिटॅमिन सी द्यायचं, साधं नव्हे, फार मोठ्या प्रमाणात. "थोड्याच लोकांना देऊन बघितलंय," त्या म्हणाल्या. "काहींना रेडिएशनचा त्रास कमी झालासा दिसला. आयुष्य वाढेल असं मी म्हणणार नाही. आणि नको वाटलं तर कधीही थांबवा, रेडिएशन चालूच राहील."

ताईने यातलं काय ऐकलं ते देव जाणे. तिने भावजींचा हात धरला आणि म्हणाली, "घेतील ते."

भावजी म्हणाले, "घेईन."

रक्त तपासून झालं, किडनी चांगली निघाली, आणि ड्रिप सुरू झालं. मी राहते त्यांच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. माझे हे गेल्यापासून माझ्या मागे कोणी नाही, म्हणून गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं. रेडिएशन आटपायला कितीसा वेळ लागतो! टेबलावर झोपायचं, दार बंद, यंत्र घरघरतं, की झालं. पण त्याआधी ड्रिपच्या खोलीत अख्खी सकाळ जायची. भिंतीला लागून रेक्झिनच्या खुर्च्या, प्रत्येकीजवळ एक स्टँड, आणि एकच खिडकी, ती पण समोरच्या भिंतीवर उघडणारी. हात गार पडायचा, तोंडाला कोरड पडायची, पंप मध्येच टीं टीं करून ओरडायचा.

"उभ्या आयुष्यात खाल्ली नसतील एवढी संत्री आहेत या बाटलीत," भावजी सिस्टरला म्हणायचे. "साल तेवढी काढून घेतलीत ना?"

सिस्टर हसायच्या. ताई हसायची नाही. ती बाटलीकडे बघत बसायची, थेंब जरा अडला की उठायची.

एकदा ताई पाणी आणायला गेली तेव्हा भावजी मला म्हणाले, "मेहुणीबाई, मला हे नको आहे."

"काय नको?"

"ड्रिप. रेडिएशन घेतो, केमो घेतो, तक्रार नाही. पण सकाळी मला जरा बरं वाटतं. दुपारनंतर मी संपतो. आणि त्या सगळ्या सकाळी या खुर्चीत जातात. माझ्याकडे शिकणाऱ्या दोन पोरींची लायसन्सची परीक्षा राहिलीय. मागे बसून नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"मग ताईला सांगा ना."

"सांगतो." दारात ताई दिसली तसे ते गप्प झाले. नंतर रोज मी त्यांच्याकडे बघायची, आणि ते रोज मान वळवायचे. मी रोज मनातल्या मनात देवाचं नाव घेत गाडी चालवायची. काय मागावं ते मात्र कळायचं नाही.

आता चूक कशी झाली ते सांगते; मलाही हे नंतरच कळलं. सुरुवातीलाच सिस्टरनी भावजींना बजावलं होतं, "ड्रिपच्या दिवशी घरच्या मशीनवर साखर बघायची नाही. या औषधाने मशीन फसतं, आकडा खोटाच मोठा येतो. साखर आम्ही इथे लॅबमध्ये बघू." ताई तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाल्या?" भावजी म्हणाले, "काही नाही."

बोट टोचून साखर बघणं आणि आकडा बघून इन्सुलिन देणं, एवढंच ताईच्या हातात उरलं होतं. बाकी सगळं डॉक्टरांचं आणि यंत्रांचं. तेही काढून घ्यायचं भावजींच्या जिवावर आलं. त्यापेक्षा तेच रोज काहीतरी कारण सांगायचे. आज बोट दुखतंय, आज इथेच रक्त घेतलंय, संध्याकाळी बघू. आपला पाय ब्रेकवर आहे, मग बोलायचं कशाला, हाच हिशेब.

आणि एका दुपारी घरी आल्या आल्या त्यांना गाढ झोप लागली.

मी जेवणाचा डबा द्यायला गेले तेव्हा ताई म्हणाली, "साडेचारशे होती गं साखर! हे झोपलेत तोवर टोचून घेतलं, नाहीतर टोचू देत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं इन्सुलिन दिलं." तासाभरात आतून आवाज आला. भावजी घामाने चिंब झाले होते. हात थरथरत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "क्लच सोड, क्लच सोड." मग जीभ जड झाली. कसंबसं म्हणाले, "साखर."

मी स्वयंपाकघराकडे धावले. ताईने माझा दंड धरला. "वेडी झालीस? आत्ता परत बघितली, चारशेच्या वर आहे! साखर देऊन मारायचंय का त्यांना?"

"अगं, घाम बघ त्यांचा!"

"आकडा बघ तू!"

तिने मशीन माझ्या तोंडासमोर धरलं. आकडा खरंच तसा होता. एका हाताने तिने मला धरलेलं, समोर माणूस बुडतोय, आणि कोणाचं खरं मानावं कळेना. मी दुसऱ्या हाताने ड्रिपच्या खोलीत फोन लावला. सिस्टरनी माझं बोलणं पुरं होऊच दिलं नाही. "मशीन फेका ते! गिळता येतंय ना? साखरेचं पाणी पाजा, आत्ता. आणि घेऊन या." ताईनेही ऐकलं. तिचा हात सुटला. पाणी तिनेच पाजलं, अर्धं त्यांच्या सदऱ्यावर सांडत.

हॉस्पिटलात नेल्यावर साखर ताळ्यावर आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर भावजींनी सगळं सांगितलं. "हिची चूक नाही. मला सांगितलं होतं. मी हिला बोललो नाही."

ताई म्हणाली, "सगळ्या जगाला शिकवलंत. बायकोशी तेवढं बोलायला जीभ झिजली असती का तुमची? तुमच्या गप्प बसण्याने तुम्हीच गेला असतात, आणि माझ्या हातून!"

भावजी म्हणाले, "हो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं झाल्यावर ड्रिप थांबवलं तरी कोणी काही म्हणणार नाही. मास्तर, तुम्हाला काय हवंय?"

आयती संधी होती. ताईने तोंडाला पदर लावला होता. भावजींनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालू राहू दे."

पार्किंगमध्ये आमच्या गाडीमागे कोणीतरी मोठी गाडी आडवी लावून गेलं होतं. वॉचमन मालकाला शोधायला गेला. मी स्टीअरिंगवर, भावजी शेजारी, ताई मागे. काचा वर.

मग भावजी समोर बघतच म्हणाले, "ऐकतेस का? मला ते ड्रिप नको होतं. पहिल्यापासून नको होतं."

त्यांनी माझ्यासमोरचा आरसा हाताने जरा सरळ केला.

"आणि आत्ता बंद केलं असतं, तर पुढे माझं जे काही झालं असतं ते तू कालच्या सुईमुळे झालं म्हणून स्वतःला लावून घेतलं असतंस. मी ओळखतो तुला. म्हणून घेतो. पण नको आहे, हे तुला माहीत असू दे."

ताई म्हणाली, "माहीत होतं मला."

भावजी तसेच मागे वळले, पोट धरून. "माहीत होतं?"

"तेवीस वर्षं काय झोपले होते मी? खुर्चीत बसल्यावर तुमचं तोंड कसं होतं ते दिसत नाही मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही बंद केलं असतंत. मग मी घरी बसून काय केलं असतं? नुसती वाट बघितली असती? तिथे निदान थेंब तरी पडताना दिसतात."

भावजी परत समोर वळले. मी आरशात बघायचं टाळलं.

वॉचमन मालकाला घेऊन आला. तो बिचारा धावतच आला होता, हात जोडत होता, त्याच्याही मनगटावर हॉस्पिटलची पट्टी होती. त्याने गाडी काढली. मी आमची सुरू केली.

"उद्या जरा लवकर निघू," ताई मागून म्हणाली. "उशीर झाला की खिडकीजवळची खुर्ची मिळत नाही."

"त्या खिडकीतून दिसतं काय? भिंत," भावजी म्हणाले.

"असू दे. उजेड तरी येतो."

"बरं," ते म्हणाले. "लवकर निघू."