चाचांचा पुढचा दात

आमच्या दुकानात एक पत्र्याची डबी आहे. ज्या मोत्याला जोड मिळत नाही, तो तिच्यात जातो. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण दर वर्षी डबी थोडी जड होते. किश्श्यांचंही तसंच. औरंगपुऱ्यातल्या या दुकानात मी अठरा वर्षं मोती गाठवतेय. रोज कुणी ना कुणी काहीतरी बोलून जातं, आणि ते कुठल्याच सरात बसत नाही!

बहुतेक किस्से शफीचाचांचे. वय सत्तरच्या पुढं, दुकानाचे पारखी. मला गाठ मारायला त्यांनीच शिकवलं. मोती हातात आला की ते आधी तो पुढच्या दातावरून अलगद फिरवायचे. काचेचा मणी गुळगुळीत सरकतो, खरा मोती बारीक रव्यासारखा लागतो. पन्नास वर्षं हेच. आमचे शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "दुकानातली सगळ्यात महाग वस्तू तिजोरीत नाही, चाचांच्या तोंडात आहे!"

*

चिकलठाण्याच्या कारखान्यातले एक साहेब बायकोसाठी माळ घ्यायला आले. आल्या आल्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला! चाचांनी त्यांच्यापुढं तीन सर ठेवले. एक काचेचा. दुसरा पिकवलेला, म्हणजे माणसानं शिंपल्यात मणी घालून वाढवून घेतलेला. तिसरा जुना बसरा, खाऱ्या समुद्रात आपसूक झालेला.

साहेबांनी एकेक मोती मापला आणि बसऱ्याचा सर बाजूला सारला. "हा रिजेक्ट. साइज एकसारखी नाही, रंगही पिवळट."

"अन् पास कोणता?" चाचांनी विचारलं.

साहेबांनी काचेच्या सरावर बोट ठेवलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, शिंपल्याला कुणी ड्रॉइंग दिलं नव्हतं."

*

हर्सूलच्या कमलताईंच्या कानातल्या कुडीतला एक मोती पडला. सातातले सहा उरले. त्या म्हणाल्या, "एकच तर पाहिजे, संध्याकाळी येऊ का?"

चाचांना हसू आलं. "ताई, ढीगभर शिंपले उघडावे तवा एक मोती. ओंजळभर मोती बघावे तवा एक गोल. त्यातला एखादाच पाणीदार. आता तिकडं बसऱ्यासाठी बुडी मारायला कोण जातंय? कुणाचा जुना दागिना मोडंल, त्यात तुमच्या सहांचा भाऊ निघंल, तवा."

भाऊ निघायला चार वर्षं लागली! पाणी तेच, रंग तोच, चाचा दिवसभर खुशीत. मी फोन लावला. कमलताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अगं, मागच्या महिन्यात ती कुडीच हरवली. अख्खी."

मी चाचांना सांगितलं. त्यांनी नुकताच मिळालेला मोती उचलला, डबीत टाकला आणि म्हणाले, "एक तो मिला ना. अब सिर्फ छे ढूंढना."

*

एक नवी सून नथ घेऊन आली. मोती खडूसारखे पांढरेफटक. मोबाइलवर कुठंतरी बघून तिनं नथ चमकवण्यासाठी दोन तास लिंबाच्या रसात ठेवली होती.

"पोरी," चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "मोत्याचं लोणचं घातलं व्हय!"

ती ढसाढसा रडायला लागली. नथ सासूबाईंची होती. चाचांनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि आठवडाभर खपून मोत्यांचा मेलेला पापुद्रा नखाएवढ्या सुरीनं सोलून काढला. खाली पुन्हा तीच चमक, तेच पाणी! "बसरा आहे म्हणून वाचला," ते तिला म्हणाले. "आतपर्यंत पापुद्रेच पापुद्रे. पिकवलेला असता तर आतला मणी बाहेर डोकावला असता."

पंधरा दिवसांनी सासूबाई स्वतः आल्या, हातात बरणी घेऊन. "चाचा, सुनेनं सगळं सांगितलं. हे घ्या, यात नुसती लिंबंच आहेत!"

*

मग चाचांचा दात दुखायला लागला. समोरच्या इमारतीतल्या डेंटिस्टनं बघितलं. पुढचा दात आतून पोकळ झालाय, शेजारचाही फार दिवस टिकायचा नाही. "दोन्ही काढू, नवे बसवू. लोकांना कळणारसुद्धा नाही."

"डॉक्टरसाब, लोकांना नाय कळणार," चाचा म्हणाले. "मोत्याला कळंल."

ते तसेच उठून आले. त्या दिवसापासून पेरू बंद, कणीस बंद, नान खलियाच्या रश्श्यात पार लगदा होईपर्यंत भिजवायची. शेठ आपले सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आता सगळंच मुंबईच्या लॅबला पाठवत जाऊ. एक्स-रेत आतलं सगळं दिसतं." चाचांनी मान डोलावली. दुपारी दोरा ओवता ओवता मला हळूच म्हणाले, "बेटी, ये दात गया तो मैं दुकान में बैठके क्या करूं?"

मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली.

आणि इतकं जपून शेवटी दात मोडला कशानं? केळ्यानं!

*

चाचा चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी शेठनी फोन केला. "जुना तन्मणी आलाय, गिऱ्हाईक बसलंय, आम्हाला काही उमजंना. लवकर या."

गिऱ्हाईक बिऱ्हाईक कुणी नव्हतं. लॅबचं बोलून आपलं चुकलं हे शेठना कळलं होतं, म्हणून त्यांनी घरातलाच तन्मणी आणून ठेवला होता.

चाचा आले, तोंडावर रुमाल धरून. तन्मणी उचलला, सवयीनं ओठांपर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. मला बघवेना. मग त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "मंगल, तेरा दात दे."

मी मोती दातावरून फिरवला.

"काय लागतं?"

"रवाळ."

"रवा जाड का बारीक?"

"बारीक. एकदम बारीक. अन् लई थंड."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग मोत्याच्या भोकाशी भिंग लावून बघितलं, मागची गाठ बोटानं चाचपली. "असली बसरा," ते म्हणाले. "अन् शेठ, ये तो आपकी अम्मा का है. गाठ मेरी है!"

शेठ चहा सांगायला म्हणून जे बाहेर पळाले, ते अर्ध्या तासानं परतले. तेव्हापासून दात माझा, पारख चाचांची. लॅबचं नाव निघत नाही असं नाही. पण आधी आम्ही बघतो, मग लॅब.

फक्त चाचांचा रुमाल काही तोंडावरून हटेना. हसणं तर बंदच झालं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

*

गेल्या महिन्यात हैदराबादहून एक दलाल आले. चाचांचे जुने दोस्त, पण बऱ्याच दिवसांनी आलेले. "बेजोड माल दिखाओ," म्हणत त्यांनी आमची पत्र्याची डबी स्वतःच पुढं ओढली. चष्मा कपाळावर, बोटं डबीत. बोटांना तळाची बटरपेपरची पुडी लागली. त्यांनी ती सोडली.

चाचांच्या दाताचा मोडका तुकडा त्या पुडीत होता. टाकून द्यायला त्यांचा जीव झाला नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी डोळ्यांनीच गप्प केलं. दलालांनी तुकडा तळहातावर खेळवला आणि सरळ आपल्या पुढच्या दातावरून फिरवला! एकदा. दोनदा.

"अजीब है," ते म्हणाले. "चमक कम है, शेप भी टेढा. मगर शफीभाई, कांच नहीं है, इतना पक्का. कहां का माल है?"

"घर का."

"पुराना दिखता."

"सत्तर साल से थोडा कम."

दलालांनी तुकडा पुन्हा उजेडात धरला. "इसका जोडा मिलेगा?"

चाचांनी तोंडावरचा रुमाल काढला, घडी करून खिशात ठेवला आणि शेजारच्या उरलेल्या दाताला जिभेनं हळूच ढकलून बघितलं.

"है एक," ते म्हणाले. "हिल रहा है. थोडा ठहरो."