वाटीभर जुनं तेल

नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरली आणि माझी बदली उज्जैनहून तिकडे झाली. सामान न्यायला आलेला ट्रकवाला माधव नगरच्या आमच्या अंगणातच गाडीखाली शिरला आणि गिअरचं काळं तेल काढू लागला. ते त्याने बोटांत चोळलं, हुंगलं. मग नवं भरताना त्यात वाटीभर जुनं परत मिसळलं.

खराब म्हणून काढलं ना, मग परत का, असं मी विचारलं.

बोटं पायजम्याला पुसत तो म्हणाला, "नया तेल अकेला घबराता है, बाबूजी."

मला काही समजेना. वाटेत गिअर अडकला तर आमचा संसार रस्त्यावर उतरायचा. बायकोला सांगायला वळलो. ती पुढच्या सीटवर बसली होती, भोपाळच्या दुधासाठी घरच्या विरजणाची वाटी मांडीवर घट्ट धरून.