जर्दाळूच्या बागेतलं इंजिन

सनीव्हेलला आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर एक इंग्रज गृहस्थ आपल्या मुलीकडे राहायला आले, तेव्हा मला अमेरिकेत येऊन दीड वर्ष झालं होतं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. मी मेकॅनिकल इंजिनिअर, वर्गातली एकटी मुलगी, पण माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. नवरा ऑफिसला गेला की मी कपडे घेऊन खाली लाँड्री रूममध्ये जायची आणि मशीन फिरताना बघत बसायची. एवढंच काय ते यंत्र माझ्या वाट्याला आलं होतं.

तिथेच त्यांची गाठ पडली. एक मशीन फार खडखडत होतं. मी वाकून बघितलं तर त्याचा मागचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता.

"पाना हवा का?" मागून कुणीतरी विचारलं.

सत्तरीचे, बुटके, रुंद खांद्यांचे. कोटाच्या खिशातून त्यांनी खरोखरच पाना काढून दिला. मी पाय घट्ट केला, मशीन गप्प झालं. ते माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "हे तू आधी कुठेतरी केलंयस."

उत्तर इंग्लंडातल्या एका कोळशाच्या खाणीवर ते चाळीस वर्षं फिटर होते. जमिनीखाली नव्हे, वर यार्डात. खाणीची स्वतःची वाफेची इंजिनं असत. कोळशाच्या वाघिणी ओढून मोठ्या रेल्वेपर्यंत पोचवायच्या, एवढंच त्यांचं काम. "आमच्या इंजिनांनी कधी उतारू बघितला नाही, पोरी," ते म्हणाले. "दोन मैल जायचं, दोन मैल यायचं. पण जन्मभर." बायको गेली, तिकडच्या खाणी एकामागून एक बंद पडायला लागल्या, आणि मुलीने त्यांना इकडे आणलं. मी त्यांना अंकल म्हणायला गेले आणि तोंडून काका निघालं. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तेच नाव ठेवून घेतलं.

काही आठवड्यांनी ते वर आमच्याकडे आले. हातात कागदाचा चिटोरा होता. सॅन होझेच्या दक्षिणेला, टेकड्यांच्या पायथ्याशी, एका जर्दाळूच्या बागेच्या मालकाने इंग्लंडातल्या खाणीचं एक इंजिन विकत घेऊन बोटीने आणवलं होतं. दोन वर्षं ते शेडमध्ये उभं होतं, कारण ते चालू कसं करायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. काकांच्या मुलीला हे ऑफिसात कळलं. तिने फोन करून ठरवलंही होतं. अडचण एकच, काकांना उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटत होती.

"मी नेते तुम्हाला," मी म्हटलं. माझं लायसन्स चार महिन्यांचं होतं.

शेडचं दार सरकलं आणि मी जागच्या जागी थांबले. छोटं इंजिन असं मी इतके दिवस ऐकत आले होते. माझ्यासमोर तीस टन लोखंड उभं होतं. सहा चाकं, प्रत्येक माझ्या छातीपर्यंत. बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी बसवलेली, तिच्यावरचा हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला. चाकांना जोडणारे पोलादी दांडे माझ्या मांडीएवढे जाड, आणि त्यांच्या कडा मात्र हळुवार गोलावलेल्या, सुताराने देवघराचे खांब घासावेत तशा. मी कॉलेजात वाफेच्या इंजिनाच्या आकृत्या काढल्या होत्या, परीक्षेत गुणही मिळवले होते. पण कुणीतरी हे एवढं लोखंड हाताने असं घडवलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

काकांनी टोपी काढली, बाजूच्या पितळी पाटीवर अंगठा फिरवला. "आमच्याकडे हिच्या तीन बहिणी होत्या," ते म्हणाले. "त्याच कारखान्याच्या." मग मालकांकडे वळून त्यांनी चहा मिळेल का विचारलं.

त्यानंतर आम्ही आठवड्यातून दोन दिवस जायला लागलो. मी नवऱ्याच्या जुन्या जीन्स दोरीने बांधून घालायची. घरी परतले की बाथटबला काळी रेघ उमटायची. नवरा म्हणायचा, "ऑफिसात सगळे विचारतात, वाइफ काय करते? काय सांगू यार, इंजिन क्लीन करते?" पण शनिवारी तो स्वतः डबे भरून द्यायचा, आणि काकांच्या डब्यात पोळीबरोबर मिरचीचं लोणचं जरा जास्तच ठेवायचा, कारण काकांना ते आवडायला लागलं होतं.

मालक भले गृहस्थ होते. साठीचे, उंच, सारखे हसणारे. त्यांना घाई मात्र फार. ते विचारत, "अजून काय राहिलंय?" आणि काका म्हणत, "आग जिथे लावायची ती जागा."

ती जागा म्हणजे तांब्याची एक पेटी, माणूस आत उभा राहील एवढी. आमच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, मध्ये विस्तव आणि भोवती पाणी. तत्त्व तेच. तांब्याच्या पेटीभोवती चार बोटं जागा सोडून पोलादी भिंत, मधल्या फटीत पाणी. दाबाने या दोन भिंती एकमेकींपासून फाटू नयेत म्हणून शेकडो आडवे बोल्ट त्यांना धरून ठेवतात. त्यांना स्टे म्हणतात. ते धड आहेत का, हे आत शिरून तपासावं लागतं, आणि आत शिरायची वाट म्हणजे कोळसा टाकायचं लंबगोल भोक. काकांचे खांदे त्यातून जाईनात.

"तू जाशील?" त्यांनी विचारलं.

मी आधी हात घातले, मग डोकं, मग कंबर वळवून आत सरकले. टॉर्च लावला. चारही बाजूंना तांबं, कुठे तपकिरी, कुठे मोरचुदासारखं निळं, आणि त्यावर स्टेंच्या टोकांच्या ओळीच ओळी, छतापर्यंत. समोरच्या भिंतीत दीडशेच्या वर नळ्यांची तोंडं, मधाच्या पोळ्यासारखी. मी एका नळीला डोळा लावला. दहा फुटांच्या काळोखापलीकडे एक नाण्याएवढा उजेड, आणि त्या उजेडात जर्दाळूची एक फांदी हलत होती. इंजिनाचं पुढचं दार उघडं होतं आणि त्यापुढे शेडचंही, एवढंच त्याचं कारण. पण मी किती वेळ बघत राहिले ते मला सांगता येणार नाही. याच नळ्यांमधून आगीचा लोळ वर्षानुवर्षं धावला होता, आणि आज मी तिथे उकिडवी बसून झाड बघत होते.

काकांनी भोकातून एक छोटा हातोडा दिला. "प्रत्येक स्टेवर एक ठोका. धड असला तर गातो. तुटलेला असला तर कुरकुरतो."

आई माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची. खणखणीत असला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. मी तसंच ऐकत सुटले. टण, टण, टण. काका बाहेरच्या भिंतीवर तळवा टेकून उभे होते. डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या ओळीत, हातोडा एकदम मऊ पडल्यासारखा वाटला. बद्द.

"काका, हा ऐकलात?"

मी पुन्हा ठोकला. "हा वेगळा आहे ना?"

भोकाशी त्यांचा चेहरा आला. "पोरी, मला ते ऐकू येत नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं बॉयलरवर हातोडे मारले की हे वरचे सूर आधी जातात. हाताला थोडं कळतं. कानाला नाही. मालकांना सांगितलं नाहीये मी." थोडं थांबून म्हणाले, "तुला काय ऐकू आलं ते मला सांग. मला तेवढं पुरे."

मी तीन स्टेंवर खडूने फुल्या मारल्या. दोन नक्की वाटत होते, एक संशयाचा.

मालकांनी पुढच्या रविवारी इंजिन चालताना बघायला चाळीस-पन्नास पाहुणे बोलावले होते. तीन स्टे काढायचे म्हणजे सगळं महिनाभर पुढे जाणार. ते शेडमध्ये आले, फुल्या बघितल्या, आणि पहिल्यांदाच हसले नाहीत. "तिने याआधी कधी बॉयलर आतून बघितलाय का?" त्यांनी काकांनाच विचारलं, जणू मी तिथे नव्हतेच.

"नाही," काका म्हणाले. "पण तिला ऐकू येतं. मला येत नाही." आणि त्यांनी कानांची सगळी गोष्ट मालकांना सांगून टाकली. टोपी हातात धरून, खाली न बघता. "तुम्हाला दुसरा माणूस शोधायचा असेल तर शोधा. पण या फुल्या पुसून मी आग लावणार नाही."

मालक बागेत निघून गेले. आम्ही हत्यारं पुसत बसलो. माझं ऐकणं चुकलं असेल तर? अर्ध्या तासाने ते ड्रिल मशीन घेऊन आले. "काढून बघू," एवढंच म्हणाले.

पहिला स्टे बाहेर आला तो दोन तुकड्यांत. तुटलेली कड काळी पडलेली, म्हणजे कित्येक वर्षांची. दुसराही तसाच. तिसरा अखंड होता, चकचकीत, मजबूत. मी ओशाळले. काका गदगदून हसले. "तीनात दोन! पहिल्या वर्षी माझं याच्या निम्मंही बरोबर येत नव्हतं." मालकांनी ते तुकडे तळहातावर घेतले, बराच वेळ उलटेपालटे केले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, बाकीचे सगळे पुन्हा एकदा ऐकाल का? माझ्यासाठी." पाहुण्यांना त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून बेत कॅन्सल केला.

मी सगळे ऐकले. दोन दिवस लागले. आणखी एक तुटलेला निघाला. त्यानंतर मालकांच्या लेथवर मी स्वतः तांब्याचे चार स्टे कातले, आटे पाडले. बसवताना मी आतून हातोड्याने टोकं ठोकत होते आणि काका बाहेरून जड लोखंडी ठोकळा दाबून धरत होते. तांबं ठोक्यासरशी पसरतं, आणि मग जागेवर असं बसतं की जणू तिथेच उगवलं असावं. सरकारी इन्स्पेक्टर आला, बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून त्याने दाब चढवला, तास-दीड तास टॉर्च घेऊन फिरला. एक थेंबही बाहेर आला नाही.

आग लावली तो मार्च महिन्यातला शनिवार होता. जर्दाळू फुलले होते. आदल्या दिवशी काकांनी नुसत्या लाकडांची बारीक आग ठेवून बॉयलर कोमट करून घेतला होता. थंड बॉयलरला घाई केलेली सोसत नाही म्हणाले. सकाळी कोळसा टाकला. पहिला तास काहीच झालं नाही. मग आतून टिकटिक सुरू झाली, लोखंड तापून ताणलं जात होतं. मग एक बारीक गुणगुण. दाबाचा काटा शून्याच्या पिनेवरून सुटला आणि मला वाटलं, मी त्याला हलताना बघितलंच नाही, तो आधीपासूनच तिथे असावा. दुपारपर्यंत ते तीस टन लोखंड सगळीकडून बोलायला लागलं. कुठे थेंब, कुठे सुस्कारा, कुठे बारीक शीळ. सकाळी ती वस्तू होती. आता तिच्याजवळ जाताना मी नकळत आवाज खाली आणत होते.

माझा नवरा आला होता. काकांची मुलगीही आली होती. वडिलांना कामावर तिने कधी बघितलं नव्हतं. लहानपणी तिला यार्डात जायला मनाई होती, आणि मोठी होताच ती अमेरिकेला आली होती. काका इंजिनाच्या पायऱ्या चढून वर गेले. अपार्टमेंटचा जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबणारे काका. वर पोचताच त्यांची पाठ सरळ झाली, पाय आपोआप बरोबर जागी पडले. न बघताच हात एका झडपेवरून दुसरीवर गेला. त्यांनी शिट्टी दिली. टेकडीवरून ती परत आली, आणि बागेत फांद्या छाटणारे कामगार शिडीवरच थांबले.

चाकांजवळून पांढऱ्या वाफेचे झोत निघाले. पहिला हुंकार माझ्या कानाला नव्हे, छातीला जाणवला. इंजिन हललं. शेडपासून बागेच्या टोकापर्यंत सगळा मिळून पाव मैलाचा रूळ. पण त्या पाव मैलात मी जे बघितलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं वजन, आणि चालणं असं की साबणाची वडी पाण्यात सरकावी.

"वर ये," काकांनी मला हाक मारली.

त्यांनी माझा हात वाफ सोडायच्या मुख्य दांडीवर ठेवला. "ढकलू नकोस. तिला विचार." मी बोटभर सरकवली. क्षणभर काहीच नाही. मग तळपायांखालून ते जागं झालं आणि माझ्या एका हाताच्या जोरावर तीस टन चालू लागले. मी हसत होते की रडत होते, नवऱ्याने काढलेल्या फोटोतही ते कळत नाही.

खाली उतरले तेव्हा काकांची मुलगी रुळाशेजारी उभी होती. ती मला म्हणाली, "माझ्या लहानपणी घरी ते रोज संध्याकाळी गप्प बसायचे. मला वाटायचं, ते दमलेत. मन त्यांचं यार्डातच राहायचं." मग ती स्वतःच पायऱ्या चढून वर वडिलांजवळ गेली, आणि त्यांनी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

त्यानंतर तीन उन्हाळे काकांनी ते इंजिन चालवलं. चौथ्या वर्षी ते गेले, झोपेत, मुलीच्या घरी. पुढे मला ग्रीन कार्ड मिळालं आणि नोकरीही लागली, चिप बनवायला लागणाऱ्या निर्वात पेट्यांच्या एका कारखान्यात. बागेची जमीन विकली गेली तेव्हा मालकांनी इंजिन एका रेल्वे संग्रहालयाला दिलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या शनिवारनंतरची रविवारची सकाळ. राख काढायला काका आणि मी परत गेलो होतो. आग आदल्या दुपारीच काढून टाकली होती. शेडमध्ये गारवा होता, दारातून जर्दाळूच्या पाकळ्या आत उडत आल्या होत्या. मी सहज बॉयलरच्या अंगावर हात ठेवला आणि दचकले. अठरा तास उलटून गेले होते, तरी ते गरम होतं, गाईच्या कुशीसारखं. मी काकांकडे बघितलं. त्यांनीही दुसऱ्या बाजूने तळवा टेकवला होता आणि डोळे मिटले होते. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.